पाच चौकोनांची खुशाली

शालू कुदळे विशीत हडपसरच्या रेडिओच्या कारखान्यात लागली आणि चाळिशी ओलांडल्यावर कारखान्यानेच तिला सोडलं. लांबच लांब टेबलं, दोन्ही अंगांना बायका, हातात सोल्डरिंगची तापलेली कांडी आणि नाकात राळेचा धूर. तिच्या शेजारची जागा नाजिमाची. नाजिमा भवानी पेठेतली, भरल्या घरातली, तोंडाने फटकळ. दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नसे. डबा एकत्र, संपात एकत्र, बाळंतपणंसुद्धा पाठोपाठची. नव्वद सालानंतर दुकानादुकानांतून परदेशी टेप आणि टीव्ही दिसायला लागले, कारखान्याचा माल गोदामात पडून राहायला लागला, आणि एका दिवाळीच्या तोंडावर फाटकाला कुलूप लागलं. नाजिमा फाटकासमोर उभी राहून मॅनेजरला अशा काही शिव्या देत होती की पोलीससुद्धा ऐकत राहिला. शालू मात्र डबा छातीशी धरून गप्प उभी होती.

रडायला सवड नव्हती. नवरा महिपती मार्केट यार्डात कांद्याच्या गाळ्यावर दिवाणजी होता. पहाटे जायचा, दुपारी धुळीने पांढरा होऊन यायचा. एकुलता शुभंकर आठवीत होता आणि गणितात हुशार होता. शालूने घरातच पोळी-भाजीचे डबे सुरू केले. डबे न्यायला येणारी पोरं हळूहळू बदलत गेली. आधी कारखान्यांतली असायची, मग गळ्यात ओळखपत्राचा पट्टा अडकवलेली यायला लागली. हिंजवडीला, मगरपट्ट्याला, कुठं कुठं काचेच्या इमारतींत काम करणारी. पोळी आवडली तर 'थँक्यू काकू' म्हणायची. त्या पट्ट्याकडे बघत शालू शुभंकरच्या पानात तुपाची धार सोडायची. आपल्याही पोराच्या गळ्यात हा पट्टा आला पाहिजे, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

पट्टा आला. हिंजवडीची नोकरी आली, भाग्यश्रीसारखी शहाणी सून आली, नात आली, तिला सगळे चिमी म्हणायला लागले. मग हडपसरच्या दोन खोल्या विकून शुभंकरने वाघोलीला अकराव्या मजल्यावर मोठा फ्लॅट घेतला.

"आई, आता तू नुसतं बसायचं," तो म्हणाला.

त्याचं म्हणणं अगदी अक्षरशः खरं झालं. महिपती रोज सकाळी गॅलरीतून खाली वाकून बघायचा आणि विचारायचा, "इथं माणसं कुठं भेटतात गं?" दुसऱ्याच वर्षी तो गेला. त्याच्या वर्षश्राद्धानंतर शुभंकरला कंपनीने न्यू जर्सीला पाठवलं, आणि तिकडेच त्याचं बस्तान बसलं. शालू एकदा तिकडेही सहा महिने राहून आली. तिथे गॅलरी नव्हती, एवढाच काय तो फरक.

मागे उरला तो तीन खोल्यांचा फ्लॅट आणि त्यात एकटी शालू. समोरचा फ्लॅट कुणीतरी गुंतवणूक म्हणून घेऊन बंद ठेवलेला. भाजी आणायची तर नगर रोड ओलांडायचा, म्हणजे जिवावर उदार व्हायचं. नाजिमाकडे जायला दोन बस आणि वाटेत खराडीचा खोळंबा. दोघी फोनवर बोलायच्या, पण नाजिमाच्या घरात सदा गलका. 'थांब गं, कुणीतरी आलंय' म्हणून ती फोन ठेवायची. रोज येणारं माणूस एकच, ते म्हणजे बायडाबाई. ती जवळच्याच गावठाणातली, धुणं सोडून बाकी सगळं करायची. अर्ध्या तासात केर, फरशी, भांडी उरकून पुढच्या बिल्डिंगीत पळायची.

शुभंकर आधी दर रविवारी फोन करायचा, मग एक रविवार आड. वाईट मुलगा नव्हता तो. बोलायला विषय उरत नसत, हे त्यालाही जाणवायचं आणि तिलाही. "जेवलीस का?" "जेवले. तू?" "आत्ता सकाळ आहे आई."

अशात तो खेळ आला. तेव्हा जगभर त्याचं वेड पसरलं होतं. रोज एक इंग्रजी शब्द, पाच अक्षरांचा, सहा प्रयत्नांत ओळखायचा. अक्षर शब्दात असलं पण जागा चुकली तर चौकोन पिवळा, जागेवर बसलं तर हिरवा, नसलंच तर काळपट. सुटला की नुसते रंगीत चौकोन दुसऱ्यांना पाठवता येतात, शब्द फुटत नाही. चिमीने घरच्या ग्रुपवर सुरुवात केली आणि व्हिडिओ कॉलवर आजीला समजावलं. अर्धं इंग्रजीत आणि अर्धं मोडक्या मराठीत.

शालूचं इंग्रजी ते केवढं! दहावीपर्यंत नगरपालिकेच्या शाळेत झालेलं, त्यावर कारखान्यातल्या खोक्यांवरचं. पण पहिल्याच दिवशी तिने पाच बोटं मोजून 'रेडिओ' टाकला. आर, ए, डी, आय, ओ.

"आई, भारी शब्द!" शुभंकरने लगेच लिहिलं. "तीन स्वर एका दमात. रोज हाच टाकत जा."

ते वाचून शालूला जे वाटलं ते तिने कुणाला सांगितलं नाही. पुष्कळ दिवसांनी लेकाने तिच्या कशाला तरी भारी म्हटलं होतं.

मग तिचा दिवस त्या पाच चौकोनांभोवती फिरायला लागला. चहा झाला की खेळ. तिच्याकडे तारीख आधी बदलायची, त्यामुळे नवा शब्द घरात सगळ्यांत आधी तिला मिळायचा. 'आई उद्यात राहते' अशी शुभंकरची थट्टा. ती चौकोन पाठवायची आणि संध्याकाळी, तिकडे उजाडलं की, त्यांचे यायचे. कुणाला तीन लागले, कुणाला पाच. कधी अंगठा, कधी हसणारं तोंड. शुभंकर एकदा म्हणाला, "तुझे चौकोन दिसले ना आई, की कळतं तू ठीक आहेस. मग दिवसभर डोक्याला त्रास नाही." त्यानंतर त्याचे फोन महिन्याकाठी एकावर आले. खुशालीचं काम चौकोन करत होते.

आणि म्हणून तिला हरून चालत नव्हतं. नेटवर अशी पानं असतात की दोन-तीन अक्षरं टाकली की त्या अक्षरांचे सगळे पाच अक्षरी शब्द रांगेने समोर येतात. तिने ती शोधून काढली, पण चिमी म्हणाली, "आजी, दॅट्स चीटिंग." नातीने चोर म्हणणं तिच्या जिव्हारी लागलं. तिने कानाला खडा लावला आणि शब्द स्वतः वेचायला सुरुवात केली. साबणाच्या खोक्यावर, औषधाच्या पट्टीवर, लिफ्टमधल्या सूचनेत, इंग्रजी पेपरच्या रद्दीत. डोळे शब्द वाचायचेच नाहीत, आधी अक्षरं मोजायचे. पाच असली तर ठेवायची. मधे दोन सारखी असली तर बाजूला. बायडाबाईला ती विचारायची, "तुझ्या दुसऱ्या घरात इंग्रजी पेपर येतो का गं?" बायडाबाई म्हणायची, "येतो की. पन त्येच्यात काय बगायचं ताई, समदी मढी नि मोटारी."

एका दिवशी अक्षरं उलगडत गेली आणि शेवटी एकच शब्द शिल्लक राहिला. डी पहिलं, मधे ए, शेवटी टी, एच. हा शब्द तिने महिपतीच्या मृत्यूच्या दाखल्यावर वाचला होता, वाघोलीत आल्यापासून इतक्या जवळून वाचलेला तो पहिला इंग्रजी शब्द. समोर भिंतीवर त्याचा हार घातलेला फोटो. बोट अक्षरापाशी गेलं आणि मागे आलं. तिने उरलेल्या दोन ओळींत काहीतरी दुसरंच टाकलं आणि हरली. त्या दिवशी तिने चौकोन पाठवलेच नाहीत. संध्याकाळी शुभंकरने लिहिलं, "आई, आजचा सोपा होता की!" तिने उत्तर दिलं नाही. एवढंच झालं, पण त्यातून त्याने एक अर्थ काढून ठेवला. हरली की आई पाठवत नाही.

पुढच्या मे महिन्यातली गोष्ट. स्वयंपाकघराला लागून ड्राय बाल्कनी होती. वॉशिंग मशिन, वर दोऱ्या, एक माणूस जेमतेम वळेल एवढी जागा. तिच्या दाराला बिल्डरने असलं कुलूप बसवलं होतं की दार लागलं की आतून खटका बसायचा. बाहेरून नुसती गोल मूठ, आणि ती कित्येक महिने निव्वळ फिरत होती, उघडत काही नव्हती. शालूने शुभंकरला सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "सोसायटीच्या ॲपवर कम्प्लेंट टाक ना." ॲप तिला जमलं नाही. मग ती दाराला साबणाच्या पावडरीची बादली लावायची.

त्या सकाळी खेळ अर्ध्यावर होता. 'रेडिओ' टाकला तर आय हिरवा, म्हणजे चौथं अक्षर पक्कं. आर आणि ओ पिवळे. 'ऑर्बिट' टाकला, एका च्युइंगमच्या पाकिटावरचा. आय तिथेच राहिला, आर आणि ओ पुन्हा पिवळे. एवढ्यात मशिनने शिट्टी घातली. फोन ओट्यावर चार्जिंगला लावून ती कपडे वाळत घालायला गेली. बादलीतली पावडर संपत आली होती. गरम वाऱ्याचा एक झोत आला, हलकी बादली सरकली आणि दार धाडकन लागलं.

आधी तिला हसूच आलं. मूठ फिरवली, खांदा लावला, चमच्याएवढं काही मिळतंय का पाहिलं. मग ती म्हणाली, "येईल बायडाबाई."

बायडाबाई आली. बेल वाजली. शालूने दारावर मुठी आपटल्या, "बायडा! अगं इकडे, मागे!" मधे दोन खोल्या, दोन बंद दारं आणि समोरच्या नव्या टॉवरवर चाललेलं काँक्रीटचं यंत्र. बेल पुन्हा वाजली. मग तिसऱ्यांदा, लांबलचक. मग लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज आला, की तिला तसा भास झाला कोण जाणे. बेल पुन्हा वाजली नाही. दिवसभरात तिला सगळ्यांत जास्त भीती वाटली ती त्या क्षणी.

समोरच्या अर्धवट टॉवरवर गवंडी काम करत होते, अगदी हाकेच्या अंतरावर. तिने ओला टॉवेल जोरजोरात फिरवला. एकाने पाहिलं. त्याने डोक्याचं फडकं सोडलं आणि तेही तसंच फिरवून दाखवलं. दोघंतिघं हसले आणि कामाला लागले. तिने कपड्यांचे चिमटे खाली टाकले, मग शुभंकरचा जुना टी-शर्ट, मग उशीचा अभ्रा. सगळं पार्किंगच्या पत्र्यावर जाऊन पडलं. खाली एक बाई बाबागाडी घेऊन चालली होती. तिने वर पाहिलंसुद्धा नाही.

आत फोन वाजत होता. एकदा लांब वाजला, मग मेसेजचे टुकटुक आवाज. नाजिमा असेल, शुभंकर असेल, नाहीतर 'कर्ज घ्या' म्हणणाऱ्यांचा असेल. भिंतीपलीकडे वाजणारा स्वतःचाच फोन ऐकत बसणं काय असतं, ते तिला त्या दिवशी कळलं.

दुपारी ऊन समोरून थेट आत आलं. मशिनचा नळ होता म्हणून ती वाचली. टँकरचं खारट पाणी, पण ओंजळीने प्यायली, डोक्यावर घेतलं. ओल्या चादरीच्या आडोशाला मशिनला टेकून बसली आणि डोकं दुसरीकडे लागावं म्हणून शब्द शोधायला लागली. चौथा आय. आर पहिला नाही, दुसरा नाही. म्हणजे एकतर तिसरा, नाहीतर शेवटचा. ओ दुसरा, नाहीतर तिसरा. फरशीवर ओल्या बोटाने ती अक्षरं काढायची आणि बघता बघता ती वाळून जायची. एकही शब्द जमेना. मधेच तिला वाटलं, हा शब्द सुटला असता तर चौकोन गेले असते. नाही गेले, म्हणजे आज शुभंकरला कळेल. तिकडे उजाडलं की तो बघेल, आईचे चौकोन नाहीत. फोन करेल, उचलणार नाही, मग कुणाला तरी पाठवेल. हा हिशेब तिला इतका पक्का वाटला की तिने केस सारखे केले आणि वाट बघायला लागली.

दिवेलागण झाली. म्हणजे तिकडे सकाळ. आत फोन टुकटुकला. एकदा, दोनदा, तीनदा. चौकोन आले असणार, तिघांचे. ती दाराला कान लावून उभी राहिली. आता रिंग वाजेल, आता वाजेल. रिंग वाजली नाही. रात्र तिने तीच चादर अंगाखाली घेऊन काढली. झोप लागली नाही, पण रडूही आलं नाही. हाकासुद्धा तिने मारल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी बायडाबाई आली तेव्हा कडीला दुधाच्या दोन पिशव्या लटकत होत्या, कालची फुगलेली. दाराशी शालूच्या चपला. बायडाबाईने बेल वाजवली नाही. खाली जाऊन वॉचमनला गाठलं.

"त्या गावाला गेल्या असतील," वॉचमन म्हणाला.

"अनवानी? आरं बाबा, चपला हितंच हायेत तिच्या. चल वर."

वॉचमनने सेक्रेटरी तात्यारावांना बोलावलं. निवृत्त गृहस्थ, इस्त्रीचा सदरा, शब्द मोजून वापरणारे. त्यांनी डिजिटल कुलपाकडे पाहिलं. "फ्लॅट चिरंजीवांच्या नावावर आहे. मालकांच्या परवानगीशिवाय कुलूप तोडण्याची तरतूद नाही आपल्याकडे."

"आन् बाई मेली आत तर तिची तरतूद हाय का?" बायडाबाईने दाराला कान लावला होता. समोरचं यंत्र अजून सुरू व्हायचं होतं, आणि आतून कुठूनतरी लांबून बादली आपटल्यासारखा आवाज येत होता. "वाजतंय! तोडा म्हनते ना!"

कुलूप तुटलं. बायडाबाईने आत धाव घेतली आणि खटका काढला तेव्हा शालू मशिनला धरून उभी होती. ओठ फुटलेले, पायाला सूज. "काल बेल वाजवलीस ना तू," ती एवढंच म्हणाली. बायडाबाई मटकन खाली बसली आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायला लागली. शालूनेच तिचे हात धरले.

डॉक्टर येऊन सलाईन लावून गेले. दुपारी शालूने फोन उघडला. घरच्या ग्रुपवर तिघांचे चौकोन होते आणि भाग्यश्रीने लिहिलं होतं, "क्वायर! कोण वापरतं हा शब्द?" सी, एच, ओ, आय, आर: तिचा अडलेला शब्द. सोसायटीच्या ग्रुपवर तात्यारावांची कालची सूचना होती: 'काही सभासद वरून चिमटे व कपडे खाली टाकत आहेत. पार्किंगचे छप्पर ही दोरी नव्हे, याची नोंद घ्यावी.'

संध्याकाळी शुभंकरचा फोन आला. आवाज घाबरलेला.

"आई, तात्यारावांचा मेल आलाय, लॉक तोडलं म्हणून. काय झालं? चोरी झाली का?"

तिने सांगितलं. थोडक्यात सांगितलं, स्वयंपाकाची गोष्ट सांगावी तसं.

"आई... मी पाहिलं होतं गं, तुझे चौकोन नव्हते. मला वाटलं शब्द जमला नसेल. तुला हरलेलं पाठवायला आवडत नाही ना."

"हो. जमला नव्हताच."

"असं बोलू नकोस."

"नाही रे. खरंच नव्हता जमला."

तो रडत होता. तिला त्याची कणव आली आणि त्याच वेळी फोन ठेवून द्यावासा वाटला. दोन्ही एकदम.

"हे पुन्हा होणार नाही," तो म्हणाला. "मी बघतो."

त्याचं बघणं म्हणजे आठवड्याच्या आत दोन पोरं आली आणि एक कॅमेरा बैठकीत, एक स्वयंपाकघरात बसवून गेली. पांढरे, लिंबाएवढे, शालू हलली की तेही मान वळवायचे. नवं कुलूप बसलं, ते शुभंकरच्या फोनवरूनही उघडायचं. शालूने किल्लीसारखा एक आकडा बायडाबाईला देऊ म्हटलं तर तो म्हणाला, "बाहेरच्या माणसाला कोड नको आई. ती आली की मला नोटिफिकेशन येईल, मी उघडेन."

"तू झोपलेला असशील."

"अलार्म लावेन."

त्याची तळमळ खरी होती. पण त्या दिवसापासून घर तिचं राहिलं नाही. पदर सारखा करून ती खोलीतून बाहेर यायची. महिपतीच्या फोटोशी दोन शब्द बोलायची सवय होती, ती मोडली. जेवताना ती कॅमेऱ्याकडे पाठ करून बसायची. एका रात्री जेवणाचं ताट घेऊन निघाली तेवढ्यात भिंत बोलली, "आई, गोळी घेतलीस का?" हातातलं ताट सुटलं. आमटी पार फ्रिजखाली गेली. "सॉरी आई, सॉरी, घाबरवायचं नव्हतं," भिंत म्हणत होती. शालू खाली बसून आमटी पुसत राहिली. तिला वाटलं, बाल्कनीत निदान कुणी बघत तरी नव्हतं.

चौकोनांचंही तसंच झालं. तिने पुन्हा खेळायला घेतलं, पाठवायलाही लागली, पण उत्तरं यायची थांबली. चिमीची शाळेची स्पर्धा होती, भाग्यश्रीचं नवं ऑफिस. शुभंकर म्हणाला, "आता काय, मी तुला रोज बघतोच की!"

सुतार तिने स्वतः बोलावला. ड्राय बाल्कनीचं दार बिजागऱ्यांतून काढून घेऊन जा म्हणाली. सुतार म्हणाला, "काकू, धूळ येईल. समोर काम चालू आहे." "येऊ दे." शुभंकरने कॅमेऱ्यातून ते पाहिलं आणि लगेच फोन केला, "आई, रीसेलला प्रॉब्लेम होईल." ती म्हणाली, "तेव्हा बसव." दार गेलं. समोरच्या टॉवरची सिमेंटची धूळ ओट्यावर, भांड्यांवर, तांदळाच्या डब्यावर बसायला लागली. ती दिवसातून दोनदा फडकं मारायची, पण दाराचं नाव काढत नसे. आणि कुलपाचा आकडा तिने बायडाबाईच्या कानात सांगून टाकला.

मग एका गुरुवारी सकाळी तिने पिशवीत एक पातळ घातलं आणि कुणाला न सांगता बस धरली. भवानी पेठेत पोचायला दुपार झाली. नाजिमा दारातच ओरडली, "क्या गं शालू! किती वाळलीस! काय खातेस, अमेरिकेची हवा?" घरात पोरं, सुना, कुणाचं तरी तान्हं, कुकरच्या शिट्ट्या. नाजिमाने तिला पलंगाच्या कोपऱ्यात बसवलं आणि हातात लसणाची परडी दिली. लसूण सोलता सोलता शालूने सगळं सांगितलं. बाल्कनी, गवंडी, फोनचे आवाज. नाजिमा सोलायची थांबली नाही, पण तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते लसणाचं नव्हतं.

"मी केला होता गं फोन त्या दिवशी," नाजिमा म्हणाली. "लांब वाजला तो माझाच. उचलला नाहीस, म्हटलं असेल कामात. मग इथे पाहुणे आले."

शालूने लसणाची पुढची पाकळी सोलली. कुणाकुणावर रागवायचं? मग तिने विचारलं, "क्वायर म्हणजे काय गं?"

"चर्चमधे मिळून गातात ते. आपल्या कारखान्यात रोझी नव्हती का, डिसेंबरात तालमीला पळायची? तेच." आणि नाजिमाने तिच्या हातातली परडी ओढून घेतली. "सोड आता ते शब्द-बिब्द. जेव आधी."

संध्याकाळी शुभंकरचा फोन आला.

"आई, घरात नाहीयेस?"

"नाही."

"कुठे आहेस?"

"बाहेर."

"बाहेर म्हणजे? सकाळपासून कॅमेऱ्यात तू कुठेच नाहीस. मी किती घाबरलो!"

"बरं झालं," शालू म्हणाली. तिने ते रागाने म्हटलं नव्हतं. तिला खरंच बरं वाटलं होतं. नंतर तिलाच वाईट वाटलं आणि तिने त्याला नाजिमाच्या घरचा आवाज ऐकवला, तान्ह्याचं रडणं, सुनांचं हसणं. "ऐकलंस? इथं आहे. दोन दिवस राहीन म्हणते."

"राहा ना. पण आधी सांगत जा, प्लीज."

दोन दिवसांनी ती परत आली. यायलाच हवं होतं. नाजिमाच्या घरात रात्री पाय पसरायला जागा नव्हती, धाकट्या सुनेने तिच्यासाठी स्वतःची गादी सोडली होती, ते शालूच्या लक्षात आलं होतं. हडपसरच्या खोल्यांच्या जागी मोबाईलचं दुकान होतं. शुभंकरकडे तिने एकदा विषय काढला, पेठेत एखादी खोली भाड्याने मिळाली तर. तो म्हणाला, "एवढा फ्लॅट असताना? लोक काय म्हणतील? आणि आत्ता रेट पडलेत, विकताही येणार नाही. दोन-तीन वर्षं थांब." तिने पुन्हा विषय काढला नाही.

पण गुरुवार तिने सोडला नाही. बुधवारी रात्री ती स्वयंपाकघरातल्या कॅमेऱ्याकडे तोंड करून सांगते, "उद्या नाजिमाकडे. संध्याकाळी येईन." सकाळी बायडाबाई आकडा दाबून आत येते, तिच्यावर घर टाकून शालू निघते. नाजिमाकडे लसूण, मेथी, कोथिंबीर, जे पुढ्यात येईल ते निवडते, भांडणं सोडवते, तान्ह्याला पायावर घेऊन न्हाऊ घालते. आणि ऊन कललं की उठते, कारण उशीर झाला तर नगर रोड बस हलू देत नाही.

तरी रोड अडवतोच. परवाच्या गुरुवारीही खराडीपाशी बस थांबली ती थांबलीच. पुढे कंटेनर बंद पडला होता, डाव्या-उजव्या बाजूंनी कंपन्यांच्या बसेस, त्यांत दिवसभर काम करून मिटलेले चेहरे. कंडक्टर ओरडला, "ज्यांना चालायचंय त्यांनी उतरा, गाडी तासभर हलत नाही." अर्धी बस रिकामी झाली. शालूचे पाय तेवढे चालणारे नव्हते. पिशवीत फोन थरथरला, शुभंकरच असणार; थांबला, पुन्हा थरथरला. तिने पिशवी मांडीवर घट्ट धरली. हाताला अजून मेथीचा वास येत होता. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, पंखाही थांबला, आणि ती खिडकीच्या गजाला डोकं टेकून बसून राहिली.